बागेविरुद्ध एक पत्रक

काल सकाळी सांगलीच्या बाजाराच्या तोंडाशी एक बाई ओल्या फडक्यावर तरवडाची फुले मांडून बसली होती. घटाला माळ घालायची म्हणून बायका ओंजळ ओंजळ घेऊन जात होत्या. तरवडाचा पिवळा रंग हळदीत तूप कालवल्यासारखा असतो. झेंडूच्या राशी शेजारी असूनही डोळा तिकडेच जात होता. मी फुलांबरोबर पानांची एक डहाळीही मागितली.

"पानं कशाला, बाई? माळंला फुलं लागत्यात."

"त्या पानावर अळी आहे."

"आगं बया! थांबा, झटकून देते."

"झटकू नका. ती पण द्या."

तिने माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिले आणि शेजारच्या भाजीवालीला हळूच सांगितले, "लय शिकल्याली दिसती."

ती डहाळी आता माझ्यासमोर पाण्याच्या पेल्यात उभी आहे. अळी पानाच्याच रंगाची, कडेने एक पांढुरकी रेघ आणि त्या रेघेवर काळे बारीक ठिपके. काही दिवसांनी तिचे हिरवट पांढरे फुलपाखरू होईल. पाच वर्षांपूर्वी हे कोणी मला सांगितले असते तर मी ताडकन विचारले असते, "बरे, मग? त्याने इंग्रज जाणार आहे का?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमचे अण्णा गावच्या शाळेत मास्तर. विट्याच्या पुढे, जिथे उसाची जमीन संपते आणि माणदेशाचा माळ सुरू होऊ लागतो, तिथे आमचे गाव. घरात पंचांग एक आणि पत्रके शेकडो; धान्याच्या कणगीमागे, देव्हाऱ्याच्या खाली, अण्णांच्या जुन्या कोटाच्या अस्तरात. मुळाक्षरे मी पाटीवर गिरवली, पण जोडाक्षरे पत्रकांवर. 'स्वातंत्र्य' हा शब्द एकदा लिहिता आला की बाकीची मराठी सोपी जाते. सतराव्या वर्षापर्यंत मला जगात दोनच बाजू दिसत होत्या, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. झाडांपैकी मला फक्त तीच ठाऊक होती ज्यांच्याखाली सभा भरत.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतरचा दुसरा आश्विन होता तो. पाऊस अर्ध्यात पाठ फिरवून गेला होता. सरकारची लेव्ही घरातले धान्य उचलून नेत होती. गावात पोलीस दिवसाउजेडी यायला कचरत आणि भूमिगत मंडळींचा शब्द लोक सरकारच्या हुकमापेक्षा जास्त मानत. त्यांचा शब्द यायचा तो पत्रकातून. जांभळ्या अक्षरांतला, खाली कोणाचीही सही नसलेला एक कागद सकाळी चावडीच्या भिंतीवर दिसे आणि दुपारपर्यंत गाव त्याप्रमाणे वागू लागे. सही नसणे हीच त्याची सही होती.

आणि गावच्या शिवेवर एक बाग होती.

बाग म्हणजे कारंजे आणि गुलाब नव्हेत. गायरानाच्या कोपऱ्यातले चार एकर, भोवती घायपाताचे कुंपण, आत तरवड, बोरी, बाभळी, हिवर, सीताफळ, आपटा, आणि कमरेएवढे गवत. तात्या हवालदारांनी ती उभी केली. ते पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. तीन वर्षे वाळू पाहून घरी आले आणि आपला माळही वाळूच व्हायला निघाला आहे असे त्यांना दिसले. त्यांनी गावाकडे तो कोपरा मागितला, स्वतःसाठी नाही, गावासाठीच. तिथे गुरे सोडायची नाहीत, कुऱ्हाड न्यायची नाही, पाखराला दगड मारायचा नाही. फळ, फूल, पाला, गवत ज्याला लागेल त्याने न्यावे, मूळ ठेवावे. राखणीला बायजाक्का. ती म्हसवडकडची धनगरीण, एका दुष्काळात मेंढरे घेऊन इकडे आली, नवरा इथेच गेला, मेंढरे दीर घेऊन गेला आणि ती राहिली. जन्मभर मेंढरे चारलेली बाई आता मेंढरे हाकलायला बसली होती. "चोराच्या हातात चाव्या दिल्यात तात्यांनी," असे ती स्वतःच म्हणायची, "म्हणून तर एक बी शेळी आत शिरत न्हाई. मला त्यांच्या समद्या लबाड्या ठावं हायत्या."

मला मात्र ती बाग डोळ्यांत खुपत होती. आमच्या आळीच्या टोकाला गणू राहायचा, तिशीचा, उंच, हाडे मोजून घ्यावीत असा. त्याच्या नावावर एक गुंठाही नव्हता. ऊसतोड, नांगरट, विहिरीचे काम, जिथे मिळेल तिथे तो जाई. न मिळेल त्या दिवशी त्याच्या घरातून धूर निघत नसे. आणि इकडे चार एकर जमीन, वरून पाहिली तर काळीभोर, फुलपाखरांसाठी राखलेली! माझ्या रक्ताने पेट घेतला. अण्णांच्या टेबलावरची जांभळी कॉपिंग पेन्सिल घेतली, चार कार्बन लावले आणि लिहिले. शीर्षक होते, 'पाखरांना जमीन, माणसाला भूक!' आत होते की चांगली, कसदार, काळीभोर जमीन गावाने कीटकांना आंदण दिली आहे. माणसाच्या ताटात कोंडा आणि मधमाश्यांना मेजवानी. ही पडीक जमीन भूमिहीनांना द्या, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला नांगर घाला. आणि शेवटी, 'जोवर गावात एक माणूस उपाशी आहे, तोवर फुलांना एक वीतही जमीन नाही!'

सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे मी त्याच्या प्रती चावडीवर, देवळाच्या खांबावर आणि पिठाच्या गिरणीच्या दारावर खळीने चिकटवल्या. सही केली नाही. पत्रकावर सही करायची असते हे मी कधी पाहिलेच नव्हते. जांभळी अक्षरे, सही नाही, भाषा तशीच. माझ्या डोक्यात एकदाही आले नाही की गाव ते कोणाचे समजेल.

गावाने ते हुकूम समजले.

दुपारी चावडीवर माणसे जमली. मला वाटले होते वाद होईल, निदान तात्या तरी चिडतील. तात्यांनी पत्रक दोनदा वाचून घेतले. मग फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आपण त्यांना आपलं सरकार म्हणतो का न्हाई?" त्यांनी विचारले.

"म्हणतो की," दोघेतिघे म्हणाले.

"मग सोयीचा तेवढाच हुकूम पाळायचा व्हय? दसऱ्याला नांगर घालायचा. बैल माझं, हात बी माझंच. दुसऱ्या कुणी त्या झाडाला हात लावायचा न्हाई."

मी अण्णांच्या मागे उभी होते. आपले लिखाण इतके लवकर फळाला येते हे पाहून छाती भरून आली.

घटस्थापनेच्या सकाळी मी बागेत गेले, ती खरे तर विजय पाहायला. बायजाक्का बोरीखाली बसून कुंपणाच्या फटीत काटे कोंबत होती. तिच्या कमरेला गिरणीच्या दारावरचे पत्रक खोचलेले होते.

"मास्तरांची लेक ना गं तू? बरी आलीस. लोक सांगत्यात, पर जो तो आपल्या मनचं घालून सांगतोय. तू नीट वाच. काय लिवलंय त्ये कळू दे मला."

मी माझेच पत्रक तिला वाचून दाखवले. सुरुवातीला जोरात, मग जरा हळू. वर सुगरणींची घरटी वाऱ्याने हलत होती. पिले उडून गेलेली, रिकामी. शेवटच्या वाक्यावर ती मान डोलावून म्हणाली, "खरं लिवलंय बाई. ज्यानं लिवलं त्याला उपाशी माणसाचं दुखतंय. चांगला माणूस हाय." मग काटा बोटात गेला तो दाताने काढत पुढे म्हणाली, "पर त्यो हितं कवा आल्याला न्हाई. आला असता तर मी दावलं असतं."

"काय दाखवलं असतं?"

"तुला वेळ हाय?"

अशी मी रोज जाऊ लागले. नऊ दिवस. तिला दाखवायला कोणीतरी हवे होते, आणि मला, का ते मला स्वतःलाही सांगता आले नसते, तिथून पाय निघत नव्हता.

आश्विनातली सकाळ आमच्याकडे फार थोडा वेळ टिकते. सूर्य हातभर वर आला की उन्हाळाच. पण त्या आधीच्या घटकेत त्या बागेत जे असे ते मी आजपर्यंत कोणत्याही शहरात पाहिलेले नाही. गवताच्या प्रत्येक चार काड्यांमध्ये एक जाळे, प्रत्येक जाळ्यावर दव, आणि मधोमध आठ पाय चौफुलीसारखे जोडून बसलेली कोळीण. "हात लावू नगंस," आक्का सांगायची, "रातभर बांधलंय बिचारीनं." कुर्डूचे तुरे टोकाला गुलाबी आणि खाली पांढरे, जणू कोणी चुन्यात बुडवून उलटे रोवलेले. घायपातावर सरडा, डोके तांबडे करून तो तासभर दंड काढत बसे. आणि बोरीला फुले आलेली. बोरीच्या फुलाला कोणी फूल म्हणत नाही, इतके ते बारीक आणि हिरवट, वासही नकोसा. पण त्या एका झाडाखाली उभे राहिले की गिरणी चालू असल्यासारखा आवाज येई. माश्या, गांधीलमाश्या, मुंगळे, नावे माहीत नसलेली हिरवी निळी चकचकीत पाखरे. सगळी तालुक्याच्या बाजाराला आल्यासारखी.

"ह्या समद्यास्नी खायाला कोण घालतं?" मी एकदा विचारले. माझ्या आवाजात अजून पत्रक होते.

"ह्या समद्यांनी न्हाई खाल्लं तर तुला बोरं कोण घालणार?" ती म्हणाली.

तरवडावरची अळी तिनेच मला दाखवली. मी तीनदा त्याच फांदीकडे पाहिले आणि तीनदा मला नुसते पान दिसले. चौथ्यांदा ते पान चालू लागले. मी ओरडले तशी ती हसून लोटपोट झाली. "सरकारला सापडत न्हाईत ना तुमची माणसं? त्यांनी बी हिच्याकडंच शिकल्यालं आसंल." अळी आणि भूमिगत माणूस यांची तुलना मला तेव्हा अपमानाची वाटली. आज वाटते, त्या दिवसांवर त्याहून गोड बोलणे कोणी केले नसेल.

एका वारुळाशी तिने मला बसवून ठेवले. वारूळ कसले, जमिनीत बोटाएवढे भोक आणि भोवती गवताच्या बियांच्या टरफलांचे गोल खळे. मुंग्या दाणा आत नेत होत्या, फोल बाहेर आणून टाकत होत्या. आमच्या सुगीसारखेच, पण भांडण नाही. "आमच्या माणात एका साली दाणा न्हवता," ती म्हणाली. "तवा माझ्या आयनं उंदराची बिळं उकरून जोंधळा काढला. पर समदा न्हाई काढला. मूठभर आत ठेवला. म्हणाली, त्याला बी पोरं हायती." ती हे सांगताना मुंग्यांकडेच पाहत होती. भुकेबद्दल मी इतके वाचले होते, इतके लिहिले होते. पण स्वतः उपाशी असताना उंदराचा वाटा ठेवणारी बाई एकाही पत्रकात आलेली नव्हती.

सांगलीत आता माझ्या ओळखीचे कितीतरी लोक निसर्गावर लिहितात. सुंदर लिहितात. पण बहुतेकांच्या बागेत माणूस नसतो, तो घरी पाठवलेला असतो. बायजाक्काच्या बागेत माणसांची वर्दळ होती. चांभारवाड्यातला म्हातारा तरवडाची साल न्यायला येई, कातडे कमवायला. एका झुडपाची थोडीच, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या झुडपाची. बाया छपराला गवत नेत. पोरीबाळी सीताफळांचे डोळे उघडलेत का पाहून जात. आणि रोज सकाळी माळेच्या फुलांसाठी बायका येत. कारळ्याची, गोकर्णाची, तरवडाची. भूमिहीनांना द्या, असे मी ज्या बागेबद्दल लिहिले होते, ती भूमिहीनांच्या घरात आधीच रोज जाऊन येत होती.

पाचव्या माळेच्या दिवशी गणूची आई आली. कमरेत वाकलेली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी. मला वाटले बागेतली माती न्यायला आली असेल. तिने पाटी एका बाभळीच्या बुंध्याशी रिकामी केली. ओढ्यातला ओला गाळ होता.

"हे काय, आजी?"

"गाळ की गं. फुलं न्हेणार तर गाळ नगं आणाया?"

आक्काने मग मला खुरपे दिले आणि उकर म्हणाली. वीतभर काळी माती मऊ निघाली. त्याखाली खुरपे खणकन वाजले. पांढरा मुरूम. मी दुसरीकडे उकरले, तिसरीकडे उकरले. सगळीकडे वीतभर काळे आणि खाली पांढरे.

"तात्यांचा नेम हाय," आक्का म्हणाली. "हितनं काय बी न्ह्यायचं तर येताना वढ्यातनं एक पाटी गाळ आणायचा. वीस-बावीस वरसं झाली. ही जमीन न्हवंच पोरी. ही डोईवरनं आल्याली हाय."

मी त्या मातीवर बसूनच राहिले. गावची जमीन पडीक पाडली, असे मी लिहिले होते. ती जमीन नव्हतीच. तिथे नागडा माळ होता, आणि बायकांच्या माना दुखेपर्यंत पाटी पाटीने त्यावर काळी माती चढली होती. नांगर एकदा फिरला की मुरूम वर येणार आणि ती वीतभर माती पहिल्या वळवाबरोबर पुन्हा ओढ्यात जाणार. गणूच्या हाती पांढरा माळ यायचा. शेतकऱ्यांना हे ठाऊक नव्हते का? होते. पण हुकूम आला होता, आणि हुकमाला खुरपे लावून पाहायची त्यांना सवय नव्हती. तशी सवय लागू नये अशीच आमची भाषा होती.

त्या दिवशी मी अण्णांजवळ गेले. ते वह्या तपासत होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "'कीटकांना आंदण' हा शब्दप्रयोग चांगला आहे. पहिल्याच दिवशी ओळखला मी."

"मग बोलला का नाही?"

"पत्रक तू लावलंस. काढायचं असलं तर तूच काढायला हवं." त्यांनी चष्मा पुसला. "एवढं मात्र ध्यानात घे. त्यांच्यासारखं पत्रक काढून गावाला फिरवलं, हे त्यांना कळलं तर ते रागावतील. फौजदाराला कळलं तर माझी नोकरी जाईल. दोन्ही बाजूंनी धोका आहे."

"मी काय करू?"

"मला विचारून लिहिलं होतंस?"

अण्णांचा मला इतका राग कधी आला नव्हता आणि इतका अभिमानही.

पुढचे चार दिवस मी रोज ठरवून जाई की आज आक्काला सांगायचे, आणि रोज तिच्याकडून काहीतरी नवे पाहून परत येई. एक दिवस गवतातून तितराचे जोडपे चालत गेले, कोणाचे लक्ष नाही असे समजून. एक दिवस धामण. आक्का तिला वाट सोडून बाजूला झाली, थोरल्या जावेला देतात तशी. एक दिवस ओढ्याच्या काठी शेपूट हलवत पहिला धोबी पक्षी आला. "आला का गं?" ती त्याला म्हणाली. "वाटंत बरं हुतं का समदं?" कुठून आला हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते, लांबून आला आहे एवढे त्याच्या दमलेल्या चालण्यावरून तिने ओळखले होते. आणि या सगळ्या वेळात तात्या संध्याकाळी येत, प्रत्येक झाडाच्या खोडावर हात ठेवत आणि परत जात. खंडेनवमीला त्यांनी नांगराची पूजा केली. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. ज्याने आपल्या हाताने उभे केलेले केवळ शब्द पाळायचा म्हणून आपल्याच हाताने मोडायला काढावे, असा माणूस मी पत्रकांतून वाचला होता. तो गावात राहतो हे माहीत नव्हते.

दसऱ्याला सारा गाव वाजतगाजत शिवेवर आला. घायपाताचे कुंपण एका जागी तोडलेले. तात्यांचे बैल रंगवलेल्या शिंगांचे, नांगराला झेंडूची माळ. तात्यांनी रुमणे धरले आणि बैलांना हाक दिली. पाच-सहा पावले गेली असतील. काळी माती उलटली आणि तिच्याखालून मुरूम पांढरा, दातांसारखा वर आला. बायकांच्या घोळक्यातून "अगं आई" असा आवाज उठला.

मी नांगराच्या पुढे जाऊन उभी राहिले. असे काही मी आयुष्यात करीन तर ते फौजदारापुढे, असे मला नेहमी वाटत असे.

"थांबा तात्या. ते पत्रक त्यांचं नाही. मी लिहिलं. माझ्या मनानं लिहिलं."

माणसे हसू लागली.

"आवं मास्तर, पोरीला आवरा!" कोणीतरी म्हणाले. "बाग वाचवाया निघालीया."

"खरंच मी लिहिलं!"

"आसलं जळजळीत पोरीबाळी लिवत्यात व्हय?"

"मला सगळं पाठ आहे," मी म्हणाले आणि शीर्षकापासून सुरुवात केली.

"त्यात काय रं!" गणू पुढे आला आणि त्याने तेच पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न अडखळता म्हणून दाखवले. त्याला वाचता येत नव्हते. नऊ दिवस तो ते ज्याच्यात्याच्याकडून वाचून घेत होता. त्याच्यासाठी ते काय होते हे मला तेव्हा कळले आणि माझी मान खाली गेली.

मग बायजाक्का बोलली.

"तिनंच लिवलंय. मला पैल्या दिशीच कळलं. मी तिला वाचाया लावलं तवा ती कागदाकडं बघतच न्हवती. माझ्या तोंडाकडं बघत हुती. टिटवीची अंडी एकीकडं आन् वरडणं दुसरीकडं, तसं ह्या पोरीनं नऊ दिस चालवलंय."

"तुला ठावं हुतं तर बोलली का न्हाईस?" तात्यांनी विचारले.

"तुमी नांगर धराल ह्यो माझा इस्वास हुता, तात्या. आन् ही आडवी येईल ह्यो बी. बघत हुते कोण आधी."

तात्यांनी बैल सोडले. मी वाटेतून बाजूला झाले तेव्हा त्यांनी मला सलाम केला. खरा, पलटणीतला, टाचा जुळवून. लोक हसले. ते हसले नाहीत.

गणू मात्र तिथेच उभा होता. "म्हंजी माझी जमीन गेली म्हणायची," तो म्हणाला. आज स्वराज्य आले, सांगलीवर तिरंगा लागला, पण गणूच्या नावावर गुंठा नाही आणि आमच्या भागातल्या बड्या इनामाची रानेच्या राने पडीक आहेत. त्यावर मी लिहिते, नाव घालून लिहिते, आणि लिहीत राहणार. पण त्या दिवशी मी एका उपाशी माणसाला न पाहिलेल्या मातीचे वचन दिले होते आणि ते त्याच्या समोरच मोडले.

शेवटी तोच हसला. कडूच, पण हसला. "पाखराचं घरटं मोडलं तर तात्या पाच पाट्या गाळ घालाया लावत्यात. हिनं तर सगळी बाग मोडाया काढली हुती. हिला किती?"

"सांग की तूच," बायजाक्का म्हणाली.

"एका शब्दाला एक पाटी. मोजा मास्तर."

अण्णांनी गंभीरपणे खिशातून पत्रक काढले आणि सगळ्या गावासमोर मोजले. "वरची मोठी अक्षरं बी धरा," गणूने बजावले. ती धरून दीडशेच्या वर गेले.

मी त्या आधी कधी डोक्यावर ओझे घेतले नव्हते. ओढ्याच्या डोहाशी गणू फावड्याने गाळ भरी, पाटी उचलून माझ्या चुंबळीवर ठेवी आणि ठेवताना त्या पाटीचा शब्द म्हणे. "पाखरांना," पहिली. "जमीन," दुसरी. दिवसाला सात-आठ शब्द होत. मान गेली, खांदे गेले. 'कसदार' आणि 'काळीभोर' मी केवळ वाक्य भरदार व्हावे म्हणून घातले होते. त्या दोन पाट्या मला आजही आठवतात. 'मेजवानी'ला पाणी गळून माझे लुगडे भिजले. वाटेत सीताफळे पिकली, जोंधळा गुडघ्याला लागला, धोब्यांची संख्या वाढली. आश्विन सरला. आक्का तात्यांच्या नांगराने काढलेल्या त्या पाच-सहा पावलांच्या पांढऱ्या तासात माझा गाळ पसरून घेई आणि गणू माझ्याशी शब्दांपलीकडे काही बोलत नसे.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही शेवटच्या वाक्याला आलो. "जोवर." मी नेऊन टाकली. "गावात." टाकली. "एक." "माणूस." पुढची पाटी त्याने भरली, काठोकाठ, पण उचलली नाही. फावड्यावर हात ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला.

"उपाशी," मीच म्हणाले आणि चुंबळ सारखी केली.

"ह्यो शब्द खोटा न्हवता," गणू म्हणाला. "ह्याची पाटी तुमी न्ह्यायची न्हाई."

त्याने ती स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बागेची चढण चढू लागला. मी रिकाम्या हातांनी त्याच्या मागून गेले.